कानांवरचे हात

निदान झालं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. मला जन्मापासून ऑटिझम आहे, आणि लहानपणी वर्षानुवर्षं खाल्लेल्या माराची भीती अजून अंगातून गेलेली नाही. तो निदानाचा कागद मी कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला.

त्याच उन्हाळ्यात पिशोरकडच्या आमच्या वस्तीवरची विहीर आटली आणि आई माझ्याकडं राहायला आली. शहरात बायपासला नव्या इमारतीत माझा फ्लॅट. आजूबाजूला नुसती बांधकामं, पाणी मात्र टँकरचं. टँकर आला की मोटार घरघरायची, वॉचमन शिट्ट्या मारायचा, बादल्यांवर बादल्या आपटायच्या. माझा श्वास अडकायचा. मी कान दाबून बाथरूममध्ये जाऊन बसायचे. एकटी होते तोवर ते खपून गेलं.

चौथ्या दिवशी आईनं मला तसं बसलेलं पाहिलं.

"काय व्हतंय तुला? उठ, पाणी संपंल खाली." तिनं माझं मनगट धरून हात कानावरून ओढला.

बाप नेमकं हेच करायचा. मळणीयंत्र सुरू झालं की मी कान झाकायचे. तो हात ओढून काढायचा आणि त्याच कानाखाली वाजवायचा.

मी आईला ढकललं. ती चौकटीवर आदळली, कोपर फुटलं. आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, डोक्यावर हात घेऊन मार पडायची वाट बघत बसले.

मार पडला नाही. ती निघून गेली.

मोटार थांबल्यावर मी बाहेर आले. आई कोपराला हळद लावत होती. मी कागद काढून तिला समजावून सांगितला.

"म्हंजी येड लागलंय?"

"नाही. जन्मलेच मी अशी. मारानं जास्त बिघडलं."

तिनं हळदीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्यो मारायचा तवा मी चुलीम्होरून उठले नाय. मलाबी मारलं असतं. पर उठायला पायजे व्हतं."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! पण ऐकून हलकं काही वाटलं नाही. एरवी मला काय वाटतंय ते मला दोन दिवसांनी उमगतं. तेव्हा लगेच उमगलं.

"मला तुझा राग येतोय, आई."

"येऊ दे," ती म्हणाली.

पुढं महिनाभर आम्ही कामापुरतंच बोललो. टँकर आला की ती दुखऱ्या हातानं बादल्या आणायची. मला लाज वाटायची, तरी उठवत नव्हतं.

पाऊस पडल्यावर ती गावी निघाली. स्टँडवर बस लागली तशी तिनं विचारलं, "पाठीवरून हात फिरवू का?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी थोडा विचार केला आणि नको म्हणाले.

"बरं," म्हणत ती बसमध्ये चढली.