अर्ल यांच्या गाडीचं मधलं पेडल

"ब्रेक!" मी ओरडलो. अर्ल यांचा पाय उजवीकडच्या पेडलवर गेला. ते अ‍ॅक्सिलरेटरचं होतं.

इंजिन बंद होतं म्हणून निभावलं. नव्वदी ओलांडलेले अर्ल गाडीतून माझ्याकडे बघत होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच झालं.

मी चिंचवडचा इंजिनीअर. जर्मनीत रेगेन्सबर्गजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या रेसिंग कार पूर्ववत करतो. आमचे शेफ, म्हणजे वर्कशॉपचे मालक, त्या गाड्या घेऊन 'बेर्गरेनेन'ला उतरतात. ही घाटातली शर्यत. घाटात एका वेळी एकच गाडी सोडतात, सगळ्यात कमी वेळात वर पोचेल तो जिंकला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "घाटात शर्यत? तिथले पोलीस काय करतात?"

अर्ल तरुणपणी अमेरिकेत अशाच शर्यतींत उतरायचे. आठवडाभर गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्यांखाली आणि रविवारी घाटात. ही गाडी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. संसार वाढला तेव्हा विकली. हातोहाती फिरत ती शेफकडे आली. अर्ल यांना कुठूनतरी कळलं, आणि त्यांनी विचारलं, "एकदा चालवू द्याल?" शेफ खूश झाले. शर्यतीआधी एक सावकाश फेरी ठरली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन अर्ल समुद्र ओलांडून आले.

घोळ पेडलचा होता. त्या काळी काही रेसिंग कारमध्ये अ‍ॅक्सिलरेटर मधे असायचा आणि ब्रेक उजवीकडे. शेफना सवय आजच्या गाड्यांची. घाटात पाय चुकला तर माणूस दरीत जाईल, म्हणून काम करताना आम्ही दोन्हींची अदलाबदल केली. निर्णय शहाणपणाचाच होता. अर्ल येतील हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मला जमेल," अर्ल म्हणाले. आम्ही सराव चालू ठेवला. हळूहळू पाय मधल्या पेडलवर जायला लागला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. मग मी मुद्दाम म्हटलं, "तुमच्या तिकडच्या घाटात सगळ्यात अवघड वळण कुठलं हो?" त्यांचा चेहरा खुलला. ते हातवारे करून सांगायला लागले आणि मधेच मी ओरडलो, "ब्रेक!"

पाय उजवीकडे गेला.

अर्ल यांनी पायाकडे पाहिलं. मग माझा हात धरून गाडीतून उतरले.

मी शेफकडे धावलो. "पेडल पूर्वीसारखी करू या. मी करतो."

"आल्झो, हे बघ, शर्यतीसाठी गाडीची तपासणी झाली आहे," शेफ म्हणाले. "आता ब्रेकला हात लावलास तर गाडी सोडणार नाहीत. आणि इथे घाटाखाली घाईत वेल्डिंग? तू स्वतः बसशील त्या गाडीत?"

मी बसलो नसतो. शेफ बरोबर होते, आणि मला त्याचाच राग आला.

"त्यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"त्यांना कळलंय," शेफ म्हणाले.

ती फेरी शेफनीच मारली. एकाच सीटची गाडी, शेजारी बसवायचीही सोय नाही. अर्ल माझ्याजवळ कठड्याला धरून उभे होते. गाडी झाडांआड गेली, नुसता आवाज राहिला. मी खाली पाहिलं. अर्ल यांचा बूट डांबरावर दाबला जात होता. पहिल्या वळणाशी इंजिनचा आवाज उतरला, आणि त्याआधीच त्यांचा पाय उजवीकडे सरकला होता. एकही वळण चुकलं नाही. मला तिथे उभं राहवेना.

"छान दुरुस्त केलीस गाडी," ते निघताना म्हणाले. यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात एका संग्रहालयाने ती गाडी मागितली. त्यांची अट होती, सगळं मूळचं हवं. "पेडल पूर्वीसारखी कर," शेफ म्हणाले. आता वेळच वेळ होता. मी केली, आणि फोटो अर्ल यांना पाठवला. उत्तर त्यांच्या मुलीचं आलं. बाबा गेले, तिने लिहिलं होतं.

गाडी आता दोरीच्या पलीकडे उभी असते. अ‍ॅक्सिलरेटर मधे, ब्रेक उजवीकडे. कामाला दुसरी जुनी गाडी आली की मी पाना उचलण्याआधी विचारतो, हिला चालवणारा माणूस हयात आहे का? बहुतेक वेळा तो नसतो. मग पेडल कुठेही बसवली तरी चालतात.