उलटा फिरवलेला पंखा

मी तिवस्याचा. हवाई दलात चोवीस वर्षं इंजिन फिटर होतो, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आमचे विंग कमांडर देशमुख अमरावतीचे. ज्या जातीच्या ट्रेनर विमानावर ते उडायला शिकले, तसंच एक विमान त्यांनी भंगारातून उचललं आणि अकोल्याजवळच्या एका धावपट्टीवर शेड घेतली. सहा वर्षं मी दर शनिवारी एसटीने तिथं जायचो. सोबतीला अकोल्याचा रशीद, माझा जुना कॉर्पोरल.

त्या रविवारी साहेबांचे बॅचमेट येणार होते. ०७१० वाजता आम्ही विमान बाहेर काढलं. असल्या जुन्या गोल इंजिनात रात्रीतून खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं; तेल दाबलं जात नाही, तसंच स्टार्ट केलं तर आतला रॉड वाकतो. म्हणून स्टार्टच्या आधी विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवायचा, पाती मोजत. पाचव्या पात्याला पंखा अडला.

"वॉरंट साब, तेल भरलं. खालचे प्लग खोलून तेल काढा लागन," रशीद म्हणाला.

साहेब फ्लाइंग सूट घालून उभे. "किती वेळ?"

"पाऊण घंटा, सर," मी म्हणालो.

त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. बोलले काहीच नाही. बोलले असते तर बरं झालं असतं! मीच म्हणालो, "उलटा फिरवून घेऊ."

"तेल पाइपात जाते, अन् स्टार्ट केल्यावर वापस येते. तुमीच शिकवलं ना मले?"

"आता तू मले शिकवतं का बे? लाव हात."

पंखा उलटा फिरवला, मोकळा झाला. मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलू? पण चार लोकांसमोर हात चोळत बसायची लाज वाटली. विमान उडायला ठीक असल्याच्या फॉर्मवर सही केली. स्टार्ट करताना इंजिनाने एक धक्का दिला आणि मग गुळगुळीत चाललं. रशीद माझ्याकडे बघत नव्हता.

०७५२ ला टेक-ऑफ. तीनशे फुटांवर आवाज बदलला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काय कळणार? माझ्या हातात रेडिओ सेट होता.

"इंजिन रफ."

"सर, परत वळू नका. सरळ उतरा."

"सरळच उतरतो." मग मोठा फटका ऐकू आला. पंखा थांबला. धूर नव्हता, आवाजच नव्हता.

समोर पऱ्हाटीचं वावर होतं. "खाली बाया आहेत," साहेब म्हणाले. हे त्यांचं शेवटचं बोलणं. त्यांनी विमान डावीकडे घातलं. पंख वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या बाभळीला लागला. आम्ही धावत पोचलो तेव्हा ०८०१ झाले होते. कापूस वेचणाऱ्या सातही बाया ओट्या धरून उभ्या होत्या. एकीलाही ओरखडा नव्हता.

इंजिन उघडलं, तेव्हा खालच्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकून तुटलेला निघाला. चौकशीला आलेले अधिकारी भले माणूस. म्हणाले, "धातू थकला असेल. जुनं इंजिन." रशीद मान खाली घालून गप्प होता. माझ्यासाठीच गप्प होता. मी म्हणालो, "इंजिन चांगलं होतं, सर. मी घाई केली." आणि सगळं लिहून दिलं.

साहेबांच्या पत्नीला, मॅडमना, माझी चूक कागदावरून कळू नये, म्हणून त्याच दिवशी अमरावतीला गेलो. उभ्यानेच सांगितलं.

"त्यांनी पाहिलं होतं, तुम्ही उलटा फिरवताना?"

"हो, मॅडम."

"तरी बसले?"

"माझी सही होती ना."

त्या आत गेल्या आणि साहेबांचं लॉगबुक घेऊन आल्या. शेवटच्या उड्डाणाची ओळ कोरी होती. "उड्डाण पुरं लिहायला हवं. तुम्हीच लिहा."

टेक-ऑफ ०७५२ लिहिलं. लँडिंगच्या रकान्यात रेघ ओढली. शेऱ्यात लिहिलं: इंजिन बंद. चूक ग्राउंड क्रूची. वैमानिकाची नाही. वावरातल्या सात बाया सुखरूप.

खाली माझं नाव, हुद्दा लिहिला आणि सही केली.