चौदा हजार फुटांवरची मेथी

आमची कंपनी लडाखमधल्या त्या पोस्टवर चढली तेव्हा मे महिना संपत आला होता. उंची चौदा हजार फूट. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडीसुद्धा नाही. माझं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला. आमच्याकडे भर उन्हाळ्यातही कुठे ना कुठे हिरवं दिसतंच. तिथे मात्र आठवडाभरात डोळे इतके उपाशी झाले की मी रंगवलेल्या ट्रंकेकडे बघत बसायचो. हिरवी होती म्हणून.

जेवणाला डाळ, भात आणि डब्यातली भाजी. डब्यात भेंडी असो की मटार, चव डब्याचीच. एके दिवशी रोल कॉलला आमच्या पोस्ट कमांडर कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "खेती किस किस ने की है?" निम्म्या पोस्टचे हात वर गेले. "यहाँ सब्जी कौन उगाएगा?" सगळे हात खाली आले, एक सोडून. तो हात लान्स नायक बाळू मेंगाळचा होता. बाळू शहापूर तालुक्यातला, शेणव्याजवळच्या एका पाड्यावरचा. हात वर ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांनीही बघितलं. मी हवालदार, त्यात त्याच्या शेजारच्या तालुक्यातला. नाव माझंही लागलं.

बाळूने पोस्टच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या अलीकडे एक जागा धरली. माती उचलून नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, ही मेलेली माती हाय. राब भाजल्याबिगर काय उगवायचं नाय हितं."

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. आम्ही दोघांनी खच्चरांची वाळलेली लीद आणि मोडकी खोकी पसरली, रॉकेल शिंपडलं आणि काडी लावली. काळा धूर सरळ वर चढला. कॅप्टनसाहेब बुटांच्या नाड्या न बांधताच खाली धावत आले.

"मेंगाळ! दुश्मन को चिट्ठी भेज रहे हो?"

राब विझवावा लागला. पांढऱ्या बर्फाच्या कडेला माणसाच्या लांबीचा तो एक काळा चौकोन उरला. पुढे कितीही बर्फ पडला तरी आधी तिथलाच वितळे. लांबून तो कबरीसारखा दिसे, हे सगळ्यांना कळत होतं.

मग आमच्या लडाखी पोर्टरांनी रीत दाखवली. कमरेइतका चर खणायचा, आतून काळे दगड रचायचे. दगड दिवसा तापतात आणि रात्री ऊब देतात. वरून प्लास्टिकची पन्नी ताणून बांधायची. दुपारी ऊन असलं की उघडायची, ऊन उतरायच्या आत झाकायची. चर त्या काळ्या चौकोनातच खणला, कारण तेवढीच जमीन मऊ होती. जाणत्याने सांगितलेलं सगळं ऐकलं, फक्त बियाण्याच्या बाबतीत आम्ही शहाणपणा केला. मधल्या सुट्टीवरून येताना मी धसईच्या बाजारातून भेंडी, काकडी, वाल, मुळा आणि मेथी असं सगळं बांधून आणलं होतं. भेंडी मातीतच कुजली. वालाने दोन पानं काढली आणि काळा पडला. काकडीने तोंडच दाखवलं नाही. मुळा आणि मेथी मात्र आली.

मेथीची पहिली दोन-दोन पानं उगवली त्या सकाळी अख्खी पोस्ट चराभोवती उकिडवी बसली होती. कुणी हात लावला नाही. बाळू चराच्या कडेला पोटावर झोपून पानांवर फुंकर घालत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, पोरगं झालं काय तुला?" तो म्हणाला, "पोरगं आपल्या पायावर उभं ऱ्हातं दादा, याला सांभाळाय लागंल."

त्रास पाखरांचा झाला. पिवळ्या चोचीचे काळे कावळे तिथे थव्याने असतात. दुपारी पन्नी उघडली की ते उतरत आणि रोपं उपटून टाकत. खातही नसत, नुसती उपटत. म्हणून बाळूने बुजगावणं केलं. चराच्या वाऱ्याकडच्या टोकाला लोखंडी पिकेट, म्हणजे तारेच्या कुंपणाचा खांब, ठोकली, तिला आडवी काठी बांधली, त्यावर फाटका पांढरा स्नो सूट चढवला आणि आत खच्चरांच्या चाऱ्यातला पेंढा भरला. डोकं म्हणून छोटा जेरीकॅन, त्यावर टोपी आणि तडा गेलेला काळा गॉगल. पन्नीची दोन टोकंही त्याच्याच दोन हातांना बांधली. त्यामुळे बुजगावणं पन्नी धरून उभं आहे असं वाटे.

जवानांनी त्याला नंबर दिला, रेशन दिलं, एकदा सिगारेटही दिली. पण पहिली थट्टा ओसरल्यावर कुणाला ते फारसं आवडेना. पहाटे स्टँड-टूला सगळे हत्यारं घेऊन सज्ज उभे असत. पहारेकरी माणसं मोजायचा तेव्हा हमखास एक जास्त भरायचा. मग सगळे खाली मळ्याकडे बघायचे. वाऱ्याने त्याचं डोकं फिरे. काल नाल्याकडे बघत असे, तर आज आमच्याकडे. एका नव्या पोराने त्याला "थम! कौन आता है?" म्हणून ललकारलं आणि रायफल कॉक केली. आम्ही त्याला आठवडाभर चिडवलं, पण माझाही हात दोनदा रायफलकडे गेला होता. हळूहळू सवय झाली. माणूस सवयीने आंधळा होतो. खाली मळ्यात कुणीतरी उभं असतं, हे आमच्या डोळ्यांनी कायमचं मान्य करून टाकलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मेथी बोटभर उंच झाली. साहेबांनी रविवारी भाजी करायचं ठरवलं. त्याच्या आदल्या दिवशी अवेळी बर्फ सुरू झाला.

त्या सकाळी बाळूचं डोकं दुखत होतं. चालताना तो थोडा तिरपा जात होता. आमच्या नर्सिंग असिस्टंटने त्याला गोळ्या दिल्या, स्लीपिंग बॅगमध्ये झोपवलं आणि उठायचं नाही अशी ताकीद दिली. अशा उंचीवर मुरलेल्या माणसाच्याही मेंदूला कधी कधी सूज येते. माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, उलटसुलट बोलतो आणि वेळेत खाली नेला नाही तर मरतो. साहेबांनी हेलिकॉप्टर मागितलं. खालून उत्तर आलं, हवा साफ होईपर्यंत नाही.

दुपारच्या जेवणाला त्याची स्लीपिंग बॅग रिकामी सापडली. बूट नव्हते, स्नो सूट नव्हता. बाहेर वारा इतका होता की पावलांचे ठसे पडताच बुजत होते.

आजारी माणूस, डोक्यात सूज, आणि समोर नाला. सगळ्यांच्या मनात तेच आलं. साहेबांनी नायक शिंदेला सहा जवान देऊन खाली पाठवलं. मला रेडिओ आणि दुर्बीण देऊन वरच्या ओपीत, म्हणजे टेहळणीच्या ठाण्यात, बसवलं. तिथून उतार दिसतो. बर्फाचा पडदा क्षणभर फाटे, पुन्हा मिटे. त्या पांढऱ्यात ओळखीची एकच खूण होती, मळ्यातलं बुजगावणं. मी तीच धरून शिंदेला वाट सांगू लागलो.

"चार्ली वन, बुजगावणं दिसतंय? ओव्हर."

"दिसतंय. साधारण पन्नास मीटर. ओव्हर."

"त्याला पाठीशी धर. समोर नाला. सरळ उतर. ओव्हर."

"रॉजर."

ते उतरले. नाल्याची कड चाचपली. काही नाही.

"चार्ली वन, परत बुजगावण्याच्या रेषेत या. आता त्याच्या डावीकडे. ओव्हर."

त्यांनी डावी बाजू पालथी घातली, मग उजवी. जवान बाळूच्या नावाने ओरडत होते. त्यांचं ओरडणं मला रेडिओवर ऐकू येत होतं आणि वाऱ्यावरही, थोडं मागून. दर वेळी मी त्यांना बुजगावण्यापासून सुरुवात करायला लावत होतो आणि दर वेळी ते त्याच्याकडे पाठ करून निघत होते.

मग शिंदेचा आवाज आला. तो दबका होता.

"ओपी, नाल्यात एक जेरीकॅन सापडलाय. वर गॉगल बांधलेला आहे. ओव्हर."

मी दुर्बीण नाल्याकडे फिरवली.

"ओपी, हे बुजगावण्याचं डोकं आहे. पेंढा भरलेला सूटपण इथेच आहे. ओव्हर."

मी दुर्बीण मळ्यावर नेली. पडदा फाटला होता. चराच्या टोकाला पांढऱ्या सूटमध्ये, दोन्ही हात पसरून, बुजगावणं उभं होतं. त्याला डोकं होतं.

त्यानंतर मी रेडिओवर काय ओरडलो ते मला आठवत नाही. शिंदे नंतर म्हणाला, मी फक्त "मागे वळा, मागे वळा" एवढंच म्हणत होतो.

वाऱ्याने आडवी काठी मोडली होती आणि पन्नी सुटली होती. बाळूने कमरेला दोर बांधून स्वतःला पिकेटला आवळलं होतं. पन्नीची दोन टोकं दोन मनगटांना गुंडाळून तो हात पसरून उभा होता. टोपीवर, खांद्यांवर, पापण्यांवर बर्फ. जिवंत होता. बंकरमध्ये आणून ऑक्सिजन लावला, रॉकेलची बुखारी पेटवली, मी त्याचे हात माझ्या काखेत धरले. काही वेळाने त्याने डोळे उघडले.

"बाळू, अरे आवाज का नाय दिलास?"

"दिला ना दादा." बोलणं जड होतं, पण शुद्धीतलं होतं. "लय वेळा दिला. तुमी समदी पल्याड बगत व्हतात."

"मग यायचं ना वर. पन्नी गेली असती खड्ड्यात!"

"सोडली असती तं मेथी गेली असती."

मग म्हणाला, "माज्याजवळनंच गेली रं माणसं. मला बगून पुडं गेली." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, फक्त नवल होतं. मला आजही त्या नवलाची भीती वाटते.

हवा साफ झाली नाही. हेलिकॉप्टर आलं नाही. दिवस मावळता मावळता लान्स नायक बाळू मेंगाळ गेला. मी रडलो. साहेब माझ्या शेजारी बसून रडले आणि कुणीही कुणापासून तोंड लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी चरावरची पन्नी उचलली. आत ऊब होती, पानांवर दव होतं आणि मेथी ताजी, हिरवीगार उभी होती. इतकी हिरवी की मला तिचा राग आला. पोस्टवर कुणीही ती खाल्ली नाही. पिकेट उपटून टाकली. आमच्यानंतर आलेल्या कंपनीला चार्ज देताना साहेबांनी हत्यारं, दारूगोळा, रेशन दाखवलं आणि शेवटी एक हुकूम तोंडी सांगितला. "मळ्यात काही उभं दिसलं, तर लांबून ओळखायचं नाही. जवळ जाऊन हात लावायचा." त्या पोरांना काही कळलं नाही. पण त्यांनी होकार दिला, आणि तो हुकूम तिथे अजून पाळतात असं ऐकतो.

बाळूला मी घरी घेऊन आलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं. साहेब म्हणाले होते की आईला एवढं सांगू नकोस. पण ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "माजा पोर उभा मेला का पडून, तेवडं सांग." मग लपवायला काही उरलंच नाही.

आता मी पेन्शनवर आहे. दर वर्षी नाचणी-वरई पिकायला आली की मी मोटरसायकल काढतो आणि मुरबाडहून शेणव्याकडे जातो. रस्त्याला दोन्ही बाजूंनी रानात बुजगावणी असतात. कुणाला जुना शर्ट, कुणाला नवऱ्याची लुंगी, कुणाला शाळेची टोपी. मी रस्त्याकडेच बघतो. तरी एखाद्या ठिकाणी गाडी थांबते आणि मी बांध ओलांडून आत जातो. लोक हसतात, हसोत. हाताला पेंढा लागला की मी परत येतो.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा बाळूच्या आईची वरई कापणीला आली होती. आजूबाजूच्या सगळ्या रानांत बुजगावणी होती, तिच्या रानात नव्हतं. त्यामुळे पाड्यावरची सगळी पाखरं तिच्याच वरईवर उतरली होती. निम्मं पीक गेलं होतं.

"आये, एखादं उभं तरी करायचं," मी म्हटलं. मग मला माझीच लाज वाटली.

ती सुपातली वरई पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "खाऊ दे पाखरांना. माज्या रानात कुणाला उभा नाय करायची मी."

मी बूट काढले आणि तिच्या बांधावर जाऊन बसलो. ढेकळं गोळा केली. थवा उतरला की ढेकूळ मारायचं, हुर्यो म्हणून ओरडायचं, टाळ्या पिटायच्या. दुपार उलटली, घसा बसला. ती घरात चुलीपाशी होती. तिथून तिला मी दिसत नव्हतो. थोड्या थोड्या वेळाने ती दारात येई आणि रानाकडे तोंड करून हाक मारी.

"हायेस का रे?"

"हाय गो आये! हितंच हाय!" मी सगळा जीव लावून ओरडत होतो. ओ ऐकली की ती आत जाई.