खोटी हवा

माझ्या हातातली वायू मोजायची पेटी धुराड्याचा श्वास हुंगून भट्टीच्या पोटातलं सगळं सांगते, असं मी उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात छाती फुगवून सांगत आलो. एकदा तर एका मॅनेजरच्या बिडीवरून त्याने सकाळी काय खाल्लं तेही पेटीनं ओळखलं, म्हणालो. त्याने पुढं दोन दिवस माझ्यासमोर बिडी ओढली नाही.

खरं काम साधं. पेटी आधी उघड्यावर चालू करायची. स्वच्छ हवेत ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ, कार्बन मोनॉक्साइड शून्य. तिथून तिचा हिशेब सुरू. मग लांब पोलादी नळी धुराड्याच्या भोकात खुपसायची. आतला पंप धूर ओढतो, वाटेत पाणी एका भांड्यात गळतं, राख जाळीत अडकते, आणि उरलेला वायू दोन छोट्या सेलांवरून जातो. एक ऑक्सिजन मोजतो, दुसरा अर्धवट जळणातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड. ऑक्सिजन जास्त, तर भट्टीला हवा फाजील दिली, उष्णता धुराड्यातून आकाशाला दान. फार कमी, तर आग गुदमरतेय.

मात्र नळीभोवतीचं भोक चिंधीने गच्च बुजवावं लागतं. नाहीतर बाहेरची हवा आत घुसते आणि आकडा फुगतो. तिला आम्ही खोटी हवा म्हणतो. या विषयात मी आधीपासूनच तज्ज्ञ.

शहाद्याकडच्या एका कारखान्यात बॉयलरवर कळसाडी गावचे एक कामगार होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भट्टीच्या काचेला एक डोळा लावायचे आणि ऑक्सिजनचा आकडा सांगायचे, "साडेपाच व्हई." पेटी पाच पूर्णांक सहा दाखवायची. ते हसायचे, "देख, तुन्हं डबडं माले इचारीसन बोलस!" मग डबा उघडायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. एक भाकरी माझ्यासाठी जास्तीची असे. हे मी पहिल्याच वर्षी ताडलं होतं.

नंदुरबारच्या माझ्या घरी तेव्हा मी आणि एक पाल. बायको जाऊन चार वर्षं झालेली. पालीला माझ्या गोष्टी पाठ झाल्या होत्या. ऐकताना ती भिंतीवर तोंड फिरवायची.

म्हणून मी चिंधी थोडी ढिली ठेवू लागलो. आकडा नऊ, दहा, अकरा असा उड्या मारायचा. "स्थिर होत नाही," मी गंभीरपणे सांगायचो, "उद्या परत यावं लागेल." एका दिवसाचं काम तीन दिवस चाले. तीन डबे. तीन हंगाम असंच.

या हंगामात तिसऱ्या दिवशी भाऊ चहाची किटली घेऊन शिडीने वर आले. धुराड्याच्या भोकापाशचा तो ओटा इतका उंच, की तिथून सुरतेच्या माणसाच्या बशीतला फाफडा दिसतो. त्यांनी आधी पेटीकडं पाहिलं, मग भोकाकडं. खिशातून फडकं काढून ओलं केलं आणि नळीभोवती बोटांनी ठासून बसवलं. आकडा घसरत आला. साडेपाच. थांबला.

"चिंधी तू रोज ढिली ठेवस," भाऊ म्हणाले. "मी तीन सालपासून देखी ऱ्हायनू."

मी उगाच वायरी तपासल्या.

"मशीनले कसाले खोटं बोलाले लावस, भो? जेवाले येवानं तर सरळ ये. उद्या मन्ही सुटी शे. घर ये. तुन्ही वहिनी भाकरी टाकी."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी कारणाशिवाय बोलावलं होतं, आणि माझ्याकडं जायला कारण नव्हतं.

"उद्या?" मी म्हणालो. "उद्या नाशिकला मोठं काम. साहेब विमान पाठवणारेत."

"बरं," ते म्हणाले. चहा ओतला. "इमानमा ठेचा चालस का? डबामा शे, लई जाय."

रिपोर्टवर मी साडेपाच लिहिलं. पुढच्या दिवशी येण्याचं आता काहीच कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला होतो, म्हणजे घरच्या खाटेवर. दुपारी भाऊंचा ठेचा पावाला लावून खाल्ला. शहाद्याला जाणाऱ्या दोन बस कोपऱ्यावरून गेल्या. मी त्यांचे आवाज ओळखतो. मग पेटी काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालू केली. पंप घुरघुरला. ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ. कार्बन मोनॉक्साइड शून्य. कळसाडीला त्या वेळी चूल पेटलेली असणार.

पाल खाली उतरून आकडे बघत बसली. आज मला तिला काही सांगावंसं वाटलं नाही.