निरंक गावांचा महासंगणक

हिंगोलीकडचं आमचं ऑफिस कोणतं ते विचारू नका. काम डास मोजायचं. तिथे फाइलींना वाळवी लागते, किश्श्यांना लागत नाही! त्यात पुण्याचा महासंगणक पदरात पडला आणि किश्श्यांचा पूरच आला. दर शुक्रवारी आम्ही पाण्याच्या भांड्यांतल्या डासअळ्यांचे आकडे पाठवायचे आणि डेंग्यू कुठे भडकणार ते त्याने आधीच सांगायचं. आकडे टाइप करणारा मी.

*

ट्रेनिंगला पुण्याचे सर म्हणाले, "हा सेकंदाला अब्जावधी गणितं करतो!"

वारंगा फाट्याचे आरोग्य सेवक कदमकाका रिटायरमेंटला टेकलेले. त्यांनी हात वर केला. "तेला डास दिसतेत का?"

"नाही. तो अंदाज बांधतो."

"म्हंजी आमच्यावानीच की!"

सगळे हसले. सरही हसले, त्यांना तो विनोद वाटला.

*

पहिला नकाशा आला. अख्खा जिल्हा हिरवागार, आखाडा बाळापूरजवळचं एकच गाव लालभडक! तिथल्या सुमनताई कंत्राटी सेविका. बाकीच्यांनी घरबसल्या 'निरंक' लिहिलेलं, म्हणजे अळी सापडलीच नाही. साहेबांनी ताईंना बोलावलं.

"तुमच्याच गावात काहून?"

"साहेब, म्या रांजणात बॅटरी मारून पाह्यलं."

"एवढं बारीक पाहत जाऊ नका," साहेब म्हणाले.

*

नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. त्या गावचे सरपंच तणतणत आले. "पोराची सोयरीक थांबली! लाल गावात पोरगी देत न्हाई म्हणून राहिले!"

मी समजावलं, "अहो, तो नुसता अंदाज आहे."

"मग अंदाजानं हिरवं करा की!"

*

पावसाळ्यात पुण्याच्या सरांचा फोन आला. "वारंग्याला टायरची इतकी दुकानं, पाऊसही झालाय, आणि अळ्या शून्य? संगणक गोंधळलाय!"

मी कदमकाकांना विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "आमचे टायर कोरडे असतेत."

मी शून्य टाइप केलं. आपल्याला काय, असं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

*

पुढच्याच आठवड्यात काकांची नात डेंग्यूने नांदेडला अ‍ॅडमिट झाली. काका तिच्या उशाशी, म्हणून वारंग्याला सुमनताईंना पाठवलं. ताईंनी टायर पाहिले, घरं पाहिली, काकांच्या घरचा रांजणही पाहिला. शुक्रवारी आकडे गेले आणि वारंगा लालभडक!

सोमवारी ताईंच्या हातात साहेबांची नोटीस. "आपण जिथे जाता तिथेच अळ्या सापडतात. खुलासा करावा, अन्यथा कंत्राट वाढवले जाणार नाही."

ताईंनी एका ओळीत खुलासा लिहिला, "मी झाकण उघडते." सही करून कागद माझ्या टेबलावर ठेवला.

नात बरी होऊन घरी आली, त्या दिवशी काका हजर व्हायला आले. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. मग माझं पेन घेतलं आणि ताईंच्या सहीखाली लिहिलं, "मी उघडत नव्हतो."

आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.