जनरेटरनं जमवलेलं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका जुन्या जनरेटरमुळे जमलं.

मी मोहर्लीला जंगलालगतच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आहे, म्हणजे कायम कामात असतो. (वाघ तरी दुपारी पाण्यात बसतो.) म्हणून आई नि प्रज्ञाला घेऊन तिच्यासाठी आलापल्लीचं स्थळ पाहायला निघालो तेव्हा आईनं बजावलं, "तिथं तरी फोन खिशात ठेवजो बापा." मी ठेवला. खिशातच ठेवला. फक्त फोनवर बोलायचं ते बारकं बिनतारी यंत्र कानात राहू दिलं, आणि तिथे तो कान भिंतीकडे करून बसलो.

मुलाचे वडील निवृत्त वनपाल. बोलणं कमी, मिशा जास्त. जय भीम झालं, पोहे आले. मुलगा निखिल गडचिरोलीच्या शाळेत शिक्षक. आमची प्रज्ञाही तिथेच दवाखान्यात नर्स. तो मान खाली घालून समोर बसला. वनपालसाहेबांनी मला विचारलं, "मंग भाऊ, पोरगा कसा वाटते तुमाले?"

नेमका तेव्हाच कानात आमचा सुधाकर बोलला. तो रिसॉर्टच्या फाटकाशी, विकायला आलेल्या एका जुन्या जनरेटरजवळ उभा होता. "साहेब, घ्यावा काय?"

"दिसाले बरा आहे," मी म्हणालो. (फोटो सकाळीच पाहिला होता.) "पण धूर बहुत सोडते म्हणतात."

सगळ्यांचे चमचे थांबले. मला वाटलं, मिरची लागली असेल.

वनपालसाहेबांनी मान हळूहळू मुलाकडे वळवली. "निखिल, काय म्हणून राह्यले हे?"

"काई नाई, बाबा."

"दिवसाले किती पिते, ते पहिले इचार," मी सुधाकरला सांगितलं. जनरेटर म्हटला की डिझेलचा हिशेब आलाच.

निखिलचा चेहरा पांढराफटक पडला. "दोन," तो म्हणाला. "दोनच सिगरेटी, बाबा. त्याही शाळा सुटल्यावर."

मला काही कळेना. एवढा शिकलेला मुलगा, पाहुण्यांसमोर मधेच सिगरेटी काय मोजतो? त्याच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. माझ्या आईनं माझ्या पायावर पाय दिला. तिला जागा पुरत नसेल, असं समजून मी पाय आखडून घेतला.

"आन मधातच बंद पडते काय?" मी पुढचं विचारलं.

"करतो भाऊ, बंद करतो," निखिलनं माझ्यापुढे हात जोडले. "आजपासून बंद."

मुलगा विनम्र होता, हे मी मनात नोंदवलं. तिकडे सुधाकर म्हणाला की धूर काही कमी होत नाही.

"मंग वापस पाठव," मी म्हणालो. "असा माल आपल्याले नाई पाह्यजे."

प्रज्ञा ताडकन उठली. "दादा, माल कोणाले म्हणतोस? सिगरेटचं मले दोन वर्षांपासून माहीत आहे. आमच्या दवाखान्याच्या मागं, चिंचेखालीच तर पितात हे. मी सोडवीन त्याईची."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली. कारण आम्ही सगळे तर असं समजून चाललो होतो, की या दोघांनी एकमेकांना आजच पाहिलं.

"दोन वर्षं?" वनपालसाहेब म्हणाले.

"दोन वर्षं?" आई म्हणाली.

"दोन वर्षं?" मीही म्हणालो. कारण त्याच वेळी सुधाकर सांगत होता की जनरेटरचा मालक दोन वर्षांची गॅरंटी देतो. "मंग काऊन सोडाचं? घेऊनच टाक. उद्या दुसरा कोणी घेऊन जाईन."

मग वनपालसाहेबांच्या मिशा हलल्या. ते हसत होते. "भाऊनं तर होकार देऊन टाकला," ते बायकोला म्हणाले. "काही गोड आण घरातलं."

माझ्या तोंडात पेढा आला. वनपालसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून माझ्याकडे पाहत होते. मी सुधाकरला म्हणालो, "मस्त आहे." मग रेंज गेली, म्हणून मी अंगणात गेलो. परत आलो तेव्हा सगळे चपला घालत होते.

नेमकं काय घडलं ते मला परतीच्या गाडीत आईनं सांगितलं, तेही माझ्या कानातलं ते यंत्र काढून खिडकीबाहेर भिरकावल्यावर. लग्नाची तारीखही म्हणे त्याच दिवशी, माझ्या देखत, माझ्या संमतीनं ठरली. मला ती पत्रिका छापून आल्यावर कळली. तोवर त्याच तारखेला नागपूरच्या एका वऱ्हाडाला मी अख्खं रिसॉर्ट देऊन बसलो होतो.