वखारीचा भोंगा

लढाईच्या वर्षांत मी आणि माझी आक्का निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कामाला होतो. पत्र्याच्या लांबलचक छपराखाली आम्ही बायका वाळलेला पाला काठ्यांनी झोडायचो. काठ्यांचा असा गलका, की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागायचं.

एका दुपारी पुढच्या दाराजवळ आग लागली. राखणदारानं घंटा बडव बडव बडवली. मागच्या टोकाला आम्हाला ती ऐकूच आली नाही. धूर दिसेपर्यंत उशीर झाला होता. मागच्या दाराला चोरीच्या भीतीनं बाहेरून कुलूप. सगळ्या पुढं धावलो, पडलेल्यांना तुडवत. आक्काचं लुगडं पेटलं. मी हातांनी विझवलं, तर तिची कातडी माझ्या तळव्यांना चिकटून आली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा आगीच्या इशाऱ्याची सोय करायला मालकांनी बेळगावच्या लष्करी कॅम्पातून एका म्हाताऱ्या हवालदाराला बोलावलं. त्यानं हातानं फिरवायचा छोटा भोंगा आणला. काम थांबवून अंगणात वाजवला, तर सगळ्यांनी कान झाकले.

“झ्याक! ह्योच ठेवू,” मालक म्हणाले.

मला राहवलं नाही. “मालक, आत झोडणी चालू असताना वाजवा की. घंटाबी अंगणात चांगली वाजत हुती.”

“तुला कुणी इचारलं गं?” म्हणत मुकादमानं माझ्या कपाळावर काठी घातली. कपाळातलं रक्त ओघळून डोळ्यांत आलं. त्यानं पुन्हा काठी उगारली, तशा बायका त्याच्यावर तुटून पडल्या. मीही मारलं. तो खाली पडल्यावरही मारलं. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज ऐकला, तरी माझा हात थांबला नाही. हवालदारानं मला मागून धरून ओढलं.

दम खात तो मालकांना म्हणाला, “बाई खरं बोलती. जवळ किती वाजतो ह्याला काय अर्थ न्हाय. कामाच्या गलक्यावर चढून शेवटच्या माणसापतुर पोचला पायजे.”

मग आत झोडणी सुरू केली आणि तोच भोंगा वाजवला. ऐकू येईल तिनं हात वर करायचा होता. पुढच्या बायकांचे हात वर गेले. मधल्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मागं आम्हाला काहीच कळलं नाही.

आठवड्यानं त्यानं दोन माणसांनी फिरवायचा मोठा भोंगा आणला, वखारीच्या मधोमध उंच बसवला. या वेळी मागच्या रांगेतल्या काठ्या एकदम थांबल्या. मागच्या दाराचं कुलूप काढल्याशिवाय आत पाय ठेवणार न्हाय, म्हणून बायका अडून बसल्या. तेही निघालं.

त्याच संध्याकाळी मालकांनी मला कामावरून काढलं.

पुढं कधीतरी बाजारात मुकादम दिसला. हात वाकडाच राहिला होता. मला बघून त्यानं मान फिरवली. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.